डाव्या खुर्चीचे तात्या

कन्हेरीचे नामदेवतात्या कुठंही बसण्याआधी विचारतात, "डावी कुठली?" लग्नाच्या पंगतीत, सलूनमध्ये, देवळाच्या कट्ट्यावरसुद्धा. एका साखरपुड्यात तर त्यांनी नवऱ्यामुलाच्या मामाला उठवून डावी जागा धरली. कारण विचारलं तर म्हणतात, "विमानात डावीकडं बसतो त्यो कॅप्टन. उजवीकडचा त्याच्या हाताखालचा."

हे ज्ञान लेकीकडून आलेलं. स्वाती बारामतीच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकली आणि एका लहान कंपनीत लागली. पंख्याची विमानं, जवळजवळची गावं. ती उजवीकडं बसते. तिच्या वाटणीचं डावीकडं तात्या बसतात.

मी त्यांचा शेजारी. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मीच पहिला, आणि हे मी कुणापासून लपवत नाही. त्यामुळं विमानखात्याचे सगळे प्रश्न माझ्याकडं येतात. गेल्या उन्हाळ्यात मोठाच प्रश्न आला. स्वातीला मोठ्या कंपनीनं बोलावलं. लहान कंपनीत थांबली तर वर्षभरात डावी खुर्ची. मोठीत गेली तर जेट विमान, पुढंमागं परदेश. पण पुन्हा उजवीकडं, रांगेत सगळ्यांच्या मागं. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं.

तात्यांचा पाय एका जागी ठरेना. चहा अर्धा टाकून उठायचे, दारापर्यंत जाऊन परत यायचे. माझ्या मोटारसायकलवर भवानीनगरला कारखान्यावर जाताना मागून म्हणाले, "कारखाना लहान का असंना, चेअरमन त्यो चेअरमनच." परत येताना म्हणाले, "लहान कारखाना कवा बंद पडंल सांगता येतं का? मोठ्यात शिपाई झाल्यालं बरं." मध्येच गाडी थांबवून त्यांनी ओळखीच्या ऊसतोड मुकादमालाही मत विचारलं. तो म्हणाला, पोरगी उडती हेच लई झालं. तात्यांना हे उत्तर पटलं नाही.

तात्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, राग वेगळाच होता. ऊस माना टाकत होता आणि तात्या शेततळ्याला मोटार लावू देत नव्हते. तळं काठोकाठ, वर शेवाळ धरलं तर जाळीनं स्वतः काढायचे. का, तर म्हणे, "भरल्यालं बरं दिसतं." गाव त्यांना पाण्याचा कंजूस म्हणायचं.

रविवारी आम्ही तिघं तळ्याच्या बांधावर असताना स्वातीचा फोन आला. तात्यांनी स्पीकर लावला.

"तात्या, मी हितंच राहते," ती म्हणाली. "डावी खुर्ची मिळंल. आणि सोलापूरला जाताना आपलं तळं दिसतं. ऊन पडलं की आरशागत चमकतं. तुमी काठावर असता ना?"

"असतो की."

"मोठी विमानं लई वरनं जातात. तितनं टिकलीएवढं बी दिसायचं न्हाय."

काकूंनी तळ्याकडं पाहिलं, मग तात्यांकडं. मग जाळी उचलून काठाचं शेवाळ ओढायला लागल्या.

तात्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "तू मोठीत जा. खुर्ची आज न्हाय उद्या मिळंल. तळ्यापायी कुणी नोकरी धरतं व्हय?"

फोन ठेवून ते मटकन बांधावर बसले. डावी कुठली, हे विचारलं नाही.

स्वाती मोठ्या कंपनीत गेली. काही दिवसांनी सकाळी जेसीबीचा आवाज आला म्हणून बघायला गेलो, तर तात्या उभा ऊस काढून तळं रुंद करत होते. काकू जेसीबीवाल्याला चहा देत होत्या. मला बघून तात्या लगबगीनं आले.

"तू शिकल्याला हायस. एवढं बास व्हईल, का आणिक दोन सऱ्या घेऊ?"

मी वर बघितलं. आभाळ नुसतं निळं, त्याला तळ नाही. भूगोलात मी काठावर पास झालेला माणूस.

"घ्या तात्या," मी म्हणालो. "दोन घ्याच."