म्युनिक चार येवले लांब

हॉलमधला टीपॉय, सोफा आणि वडिलांची, खंडेरावांची, आरामखुर्ची भिंतीला लावून शेखरने फरशीवर हॉलंडचा नकाशा पसरला, तेव्हा प्रवासाविषयी त्याच्या मनात एकही शंका नव्हती. नकाशा पुरता उघडल्यावर त्या एकेक करून यायला लागल्या.

बेत साधा होता. मखमलाबादच्या शिवारात त्याच्या बायकोचं, उज्वलाचं, गुलाबाचं पॉलिहाऊस होतं, आणि हॉलंडातली ट्युलिपची शेतं एकदा फुललेली पाहायची, एवढीच तिची कित्येक वर्षांची इच्छा होती. ती फुलं मेच्या सुरुवातीपर्यंत शेतात उभी असतात. त्यानंतर गेलं तर नुसते देठ दिसतात. यंदा कामावरच्या सुमनबाईने दहा दिवस पॉलिहाऊस सांभाळायचं कबूल केलं, तिकिटं काढली गेली आणि त्या उत्साहात शेखरने जाहीर केलं की टूरवाल्याच्या झेंड्यामागे फिरायचं नाही. तिकडे गाडी भाड्याने घ्यायची आणि त्याने स्वतः चालवायची.

"अहो, रस्ता फोनमध्ये दिसतो की," उज्वला म्हणाली.

"फोनचा भरवसा नाही. मागे नामपूरला जाताना फोनमधल्या बाईनं आपल्याला कुणाच्या तरी कांद्याच्या चाळीत नेऊन सोडलं होतं. नकाशा बरा. तो बोलत नाही."

नकाशा खरोखरच काही बोलत नव्हता. एकाच रस्त्यावर एका ठिकाणी 'ए' आणि एक आकडा होता, बोटभर पुढे त्याच रस्त्यावर 'ई' आणि वेगळाच आकडा होता.

"अण्णा, एका रस्त्याला दोन नंबर कसे काय?"

खंडेरावांनी खुर्चीतूनच वाकून पाहिलं. "आपला पुंजाराम कागदावर पुंजाराम हाय, गावात त्याला बापू म्हणत्यात. तसं आसंल."

हे शेखरला पटलं. त्यामुळे गोंधळ मिटला नाही, पण त्याला घरगुती रूप आलं.

तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात, म्हणून सवय व्हावी यासाठी शेखरने दुसऱ्या दिवशी मळ्याच्या रस्त्यावर फुलांची पिकअप उजव्या बाजूने काढली. समोरून त्याचा चुलतभाऊ कारभारी ट्रॅक्टर घेऊन आला. शेखर बाजू सोडीना, कारभारीला त्याचं कारण कळेना. दोघं नाकासमोर नाक आणून थांबले.

"प्यायलास का रं सकाळी सकाळी?"

"सराव करतोय. परदेशात गाडी चालवायचीय."

एवढं एक वाक्य गावभर व्हायला पुरेसं होतं. संध्याकाळी शेखरची आत्या, अक्काबाई, दारात उभी राहिली. तिच्या हातात कापडाची शिवलेली पिशवी होती.

"माझा गोरक्ष म्युनिकला हाय," ती बसायच्या आधीच म्हणाली. "कुरडया आन तिखट हाय. तुमच्या वाटंवरच पडंल."

"आत्या, म्युनिक जर्मनीत आहे."

"आन जर्मनी कुठं हाय?"

"हॉलंडच्या शेजारी."

"शेजारीच हाय ना? मग मी काय लांबचं सांगितलं का?"

निघालेल्या माणसाकडे पिशवी देणं आणि त्याने ती घेणं, या दोन्ही गोष्टी या घराण्यात नात्यातच धरल्या जात. खुद्द खंडेराव एकदा येवल्याला लग्नाला जाताना शेजारणीचं शिलाई मशीन मांडीवर घेऊन एसटीत बसले होते. शेखरने पिशवी घेतली आणि दुसऱ्या दिवशी जर्मनीचा नकाशा आणला.

तो हॉलंडच्या नकाशाला जोडून पसरल्यावर हॉल संपला आणि जर्मनीचा खालचा भाग देवघरात गेला. अंतर मोजायचं कसं, हा प्रश्न खंडेरावांनी सोडवला. भिंतीवर नाशिक जिल्ह्याचा नकाशा होता. त्यावर नाशिकपासून येवल्यापर्यंत त्यांची बरोबर एक वीत भरली.

"एक वीत म्हंजी एक येवला. दोन तास धर," असं म्हणून त्यांनी गुडघे टेकले आणि आम्सटरडॅमपासून विती टाकत ते देवघरापर्यंत गेले. "म्युनिक चार येवले. सकाळी निघालं की दुपारच्याला पोचतोस."

शेखरला माप आवडलं. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. म्हणून बहिणीचा, साधनाचा, देवळाली कॅम्पहून फोन आला की तिची मुलगी छाया पॅरिसला आहे आणि तिला भाजणी द्यायची आहे, तेव्हा त्याने खंडेरावांकडे नुसतं पाहिलं. खंडेरावांनी दोन बोटं दाखवली आणि तिसरं अर्धं वाकवलं. अडीच येवले. कारभारीचा राज मिलानला होता. तो तर इटलीत, पण तोवर फ्रान्सपाठोपाठ इटलीचाही नकाशा आला होता आणि शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांना नाही म्हणायचं तरी कसं?

तीन दिवस बाप-लेक फरशीवर रांगत होते. एका घडीवर पॅरिस दुमडलं गेलं, ते शोधण्यात एक संध्याकाळ गेली. अखेर मार्ग ठरला. शेखरने उज्वलाला बोलावून काडीने दाखवला: आधी पॅरिस, तिथून मिलान, तिथून म्युनिक, मग परत विमानतळ. कुणाचीही पिशवी राहत नव्हती.

उज्वलाने सगळं नीट ऐकून घेतलं. "आणि फुलं?"

शेखरने काडी उचलली. कुठे टेकवावी ते त्याला सुचेना.

"परत येताना," तो म्हणाला. "विमानाच्या आधी. जमलं तर."

"जमलं तर?"

ती खाली बसली. ती नकाशात काय शोधते आहे ते दोघांनाही कळलं नाही. थोड्या वेळाने तिने हॉलंडच्या नकाशावर सीमेजवळच्या दोन गावांवर बोटं ठेवली. "ही दोन गावं जर्मनीच्या नकाशातपण आहेत. इथं त्यांच्यात चार बोटं अंतर आहे. तिथं एकच बोट. गावं सरकली का?"

खंडेरावांनी चष्मा पुसला.

"प्रत्येक कागदाचं माप वेगळं आहे, अण्णा. तुमचा येवला हॉलंडात लहान आहे आणि जर्मनीत मोठा."

कोपऱ्यातले आकडे पाहून हिशेब पुन्हा मांडला तेव्हा म्युनिक दहा येवल्यांवर गेलं. मिलान कुठे गेलं ते कुणी बोललं नाही. दहाच्या दहा दिवस गाडीत काढले असते तर पिशव्या पोचल्या असत्या आणि उज्वलाने ट्युलिप पाहिले असते ते विमानतळावरच्या दुकानात.

"आत्याला नाही म्हणून सांगा," ती म्हणाली.

शेखर फोन घेऊन अंगणात गेला. त्याने वाक्य पाठ केलं होतं. बराच वेळ 'हो आत्या, हो आत्या' ऐकू आलं. मग तो आत आला.

"सांगितलं?"

"कैरीचं लोणचं पण पाठवतेय."

उज्वलाने त्याच्या हातातून फोन घेतला आणि गोरक्ष, छाया, राज या तिघांनाही एकच निरोप पाठवला: आम्ही रविवारी ट्युलिपच्या बागेच्या दारात असू. तुमची पिशवी तिथे मिळेल. वेळ असेल तर या.

"इतक्या लांब कोण येतंय," शेखर म्हणाला. तेवढ्यात उत्तरं आलीच. गोरक्षने विचारलं होतं, 'वहिनी, तिखट नक्की आहे ना? मी शनिवारीच निघतो.' राज म्हणाला, काकू, येतो. छायाने लिहिलं होतं, 'मामाला गाडी घेऊ देऊ नका. मी शनिवारी विमानतळावर येते, मीच फिरवते.' गाडीचं बुकिंग रद्द झालं. शेखरने थोडा विरोध केला, पण आवाजात सुटकेचा सूर फार होता.

रविवारी सगळे ठरल्याप्रमाणे बागेच्या दारात भेटले. पिशव्या तिथेच बाकावर उघडल्या गेल्या. राजने कुरडया कच्च्याच चाखल्या. मग प्रत्येकाने आपल्या गाडीतून एकेक पिशवी काढली, कारण शेखर, म्हणजे कुणाचा मामा, कुणाचा काका, कुणाचा दादा, आता नाशिकला परत जाणारच होता आणि सगळ्यांची घरं वाटेवरच होती. अक्काबाईसाठी लोकरी कोट होता, कारभारीसाठी पान्ह्यांची पेटी. बाक भरला. बाकाखालची जागाही भरली.

एवढं सामान घेऊन आत जाता येणार नव्हतं.

"सामानाजवळ कुणीतरी बसायला पाहिजे," गोरक्ष म्हणाला, आणि सगळ्यांनी शेखरकडे पाहिलं.

"बसतो की मी," शेखर म्हणाला. "तुम्ही या बघून. मग मी जातो."

तो बसला. समोर गाड्यांचा तळ होता. आलेल्या तिघांनी दोनदा बाहेर येऊन चहा घेतला, एकदा त्यालाही आणून दिला आणि म्हणाले की वहिनी कुठे आहेत ते काही कळत नाही. उज्वला आली ती सगळ्यांच्या शेवटी. बुटांना चिखल होता आणि चेहरा उन्हाने लाल झाला होता.

"जा आता तुम्ही. लवकर जा."

तिच्या मागे दारावरचा माणूस साखळी लावत होता. हंगामाचा तो शेवटचा दिवस होता.

परतीच्या विमानात शेखरने मांडीवर कोट आणि कोटावर पान्ह्यांची पेटी घेतली आणि उज्वलाचा फोन मागितला. निदान फोटो तरी पाहू. पहिल्या फोटोत पाण्याचा चर होता. दुसऱ्यात मूठभर माती, तिसऱ्यात कंद लावायचं यंत्र, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. शेखर बोट सरकवत राहिला. खताची पाटी. दोन वाफ्यांमधलं अंतर, त्यात मोजायला ठेवलेलं उज्वलाचं पाऊल.

"अगं, फुलं कुठंयत?"

"फुलं होय," उज्वला खिडकीकडे बघत म्हणाली. "ती बघतच बसले. फोटो काढायचे राहूनच गेले."