ज्यांना काही द्यायचं नाही

मृत्युपत्र करायचं मी ठरवलं ते एका रविवारी, मटणाचं जेवण अंगावर आल्यावर. (गंभीर निर्णय मी भरल्या पोटीच घेतो. रिकाम्या पोटी मला फक्त राग येतो.) कारण मात्र खरं होतं. आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ काहीही न लिहिता गेले आणि त्यांच्या बायकोला राहत्या घरासाठी सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करत फिरावं लागलं. ते ऐकून मी चांगलाच घाबरलो. मंगळवार पेठेतलं आमचं घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. माझ्यामागं माझ्या बायकोवर, प्रियदर्शनीवर, घरासाठी कुणाचे पाय धरायची वेळ येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

वकील धैर्यशील आमच्याच गल्लीतला. म्हणाला, "सोपं आहे काका. घर काकूंना, विषय संपला. फक्त दोन साक्षीदार आणा. आणि ज्यांना यातलं काही द्यायचं नाही अशीच माणसं बघा, म्हणजे पुढं कुणी शंका काढायला नको."

मला हसूच आलं. ज्यांना मी काही देणार नाही अशी माणसं? जन्मभर क्लार्क असलेल्या माणसानं कुणाला काय दिलंय? अख्खं कोल्हापूर सहीला रांग लावेल, असं मला वाटलं.

पहिला फोन केला हातकणंगल्याच्या मेव्हण्याला, विजयसिंहाला.

"करतो की सही, दाजी! पण मलाच का ओ?"

"तुला काही मिळणार नाही ना, म्हणून."

(हे वाक्य असं बोलायचं नसतं, हे प्रियदर्शनीनं मला नंतर समजावलं. बराच वेळ समजावलं.)

"दाजी, मला तुमचं काय बी नको हुतं."

"मग झालं तर!"

"पर 'तुला काय न्हाय' असं सांगून वर सही मागतंय व्हय कोण? ताटावरनं उठवायचं आन् वाढायला उभं करायचं?"

त्यानं फोन ठेवला. संध्याकाळी प्रियदर्शनीनं भाजीत मीठ घातलं नाही. दोन दिवस अळणी जेवल्यावर मी विजयसिंहाला माझी स्कूटर लिहून दिली. तो खूश झाला. धैर्यशील म्हणाला, "मग आता ते साक्षीदार नकोत."

म्हणून मी कामिलकडं गेलो. कामिल माझा शाळेपासूनचा दोस्त आणि माझ्या स्कूटरचा मेकॅनिक. या वेळी मी शहाणपणानं 'काही मिळणार नाही' हे बोललोच नाही. फक्त स्कूटरचं सांगितलं.

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "ती गाडी कोण जगवली रं?"

"तू."

"आन् ती चालली हातकणंगल्याला? भावा, सही करतो. पर काळीज तुटतंय बघ."

कामिलचं काळीज तुटलेलं मला कसं बघवणार? रोज संध्याकाळी तो आमच्याकडं ज्या आरामखुर्चीत बसतो, ती मी त्याला देऊन टाकली. तोही साक्षीदार गेला.

शेजारच्या विठाबाईंना मला विचारावंच लागलं नाही. भिंतीपलीकडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. "सगळ्यास्नी हाय आन् मला न्हाय व्हय? तुमचं पोरगं माझ्या मांडीवर मोठं झालं," असं म्हणत त्या आल्या त्या थेट न्हाणीत शिरल्या आणि तांब्याच्या बंबापाशी उभ्या राहिल्या. बंब त्यांचा झाला.

यानंतर मला माझ्याच घरात राहणं अवघड झालं. मी आरामखुर्चीत टेकलो की कामिल म्हणे, "जपून बस, वेत सैल हुतोय." विठाबाई रोज सकाळी येऊन बंब तपासत. "ह्यो पोचा काल नव्हता!" विजयसिंह तर एक दिवस येऊन स्कूटरच घेऊन गेला. म्हणाला, "तुमी वापरून खराब कराल, दाजी." मी पायी ऑफिसला जायला लागलो. जिवंतपणी लुटला गेलेला माणूस म्हणून गल्लीत माझ्याकडं बोट दाखवलं जाऊ लागलं.

शेवटी माझं डोकं फिरलं. धैर्यशीलला फोन लावून मी ओरडलो, "आधीचं सगळं खोड! नव्यानं सांगतो, एकदाच लिही आणि मला मोकळं कर!" आणि सांगत सुटलो. स्कूटर विजयसिंहाला, खुर्ची कामिलला, बंब विठाबाईंना. मिक्सर माझ्या बहिणीला. कपाट पोराला. पलंग, भिंतीवरचं घड्याळ, जो आठवेल त्याला जे दिसेल ते.

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनीला घेऊन मी धैर्यशीलकडं गेलो. साक्षीदार अजून मिळाले नव्हते. तिनं कागद शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि टेबलावरचं पेन उचललं.

"एक साक्षीदार मी."

"काकू, तुम्हाला चालणार नाही. तुम्हाला घर आहे ना!"

"कुठं हाय? वाच की. ह्या कागदात माझं नाव बी न्हाय."

धैर्यशीलनं वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. "काका, तुम्हीच म्हणालात, आधीचं सगळं खोड."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ज्या एका गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला, तीच मी खोडली होती! "लिही!" मी किंचाळलो. "आधी घर लिही! अख्खं घर, गच्चीसकट, हिच्या नावानं!"

त्यानं घाईघाईनं टाईप केलं, नवा कागद छापून तिच्यापुढं धरला. तिनं तो पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि मगच हातातलं पेन सोडलं.

"पण काकू," धैर्यशील चाचरत म्हणाला, "आता तुमची सही चालणार नाही. काही न मिळणारा माणूस कुठनं आणायचा?"

प्रियदर्शनीनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ह्यांचीच घ्या की सही. काय बी न मिळणारं माणूस आता हे एकटंच उरल्यात."