दाजींची कात्री

"पुस्तक वाचत बसतात ते अडाणी! पुस्तक कापायचं असतं!" दाजींनी जाहीर केलं आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातली कात्री उचलली.

दाजी बिस्किटांच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. बायकोचा धाकटा भाऊ तिथेच त्यांच्या हाताखाली होता. तो दाजी म्हणायचा, म्हणून अख्खा कारखाना त्यांना दाजीच म्हणायचा. आता फोरमनची एकच जागा निघाली होती, लेखी परीक्षा होती आणि मेहुणे-मेहुणे दोघंही बसणार होते. म्हणजे दाजी आपटले तर मेहुण्याला 'साहेब' म्हणायची पाळी! ज्याला आपण सायकल शिकवली, त्याला साहेब? नुसत्या विचाराने दाजींनी धावत जाऊन परीक्षेचं पुस्तक विकत आणलं.

"अहो, नवं कोरं पुस्तक कापताय?" बायको कळवळली.

"अगं, पुस्तकात कामाचं असतं ओंजळभर, बाकी सगळं पाल्हाळ. कामाचं तेवढं कापायचं, भिंतीवर डकवायचं, येता-जाता वाचायचं. झाल्या नोट्स!"

"पण कागदाच्या मागच्या बाजूलाही छापलंय ना?"

दाजी थबकले. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण बायकोसमोर माघार घेतील तर ते दाजी कसले!

"मागचं मागे बघू!" ते म्हणाले आणि कात्री कराकरा चालू लागली. आरशावर चिठ्ठ्या, फ्रिजवर चिठ्ठ्या, स्वयंपाकघरातल्या कपाटांवर तर बोट ठेवायला जागा नाही इतक्या चिठ्ठ्या! प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्न होते, त्यांना मात्र दाजींनी हात लावला नाही. "प्रश्न घेऊन काय करू? मला उत्तरं हवीत!"

एवढ्यात मेहुणा आला. "दाजी, दुकानात पुस्तक संपलंय हो. तुमचं वाचून झालं असेल तर..."

दाजींना मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. "ने की! आपल्या माणसाला नाही म्हणणार का मी?"

मेहुण्याने पुस्तक उघडलं. पहिल्या पानाच्या भोकातून त्याला थेट ताईचं नाक दिसलं. पण पोरगा गुणी! 'येतो दाजी' म्हणत ती जाळी पिशवीत घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून चहाच्या सुट्टीत तो दाजींच्या शेजारी येऊन बसायला लागला.

"दाजी, बॉयलरमधलं पाणी फार खाली गेलं तर काय करायचं हो?"

"आधी आग बंद! आणि गार पाणी सोडायचं नाही, नाहीतर पत्रा फाटेल आणि तूही!" दाजी बिस्कीट बुडवत म्हणाले. "एवढंही येत नाही? कसा पास होणार रे तू?"

मेहुणा रोज नवा प्रश्न विचारायचा आणि दाजी रोज ऐटीत उत्तर द्यायचे. घरी येऊन बायकोला सांगायचे, "तुझ्या भावाचं काही खरं नाही! साध्या साध्या गोष्टी विचारतो!"

इकडे घरात मात्र भलतंच घडलं. स्वयंपाकघरात कुकरची वाफ कोंडली आणि एका दुपारी सगळ्या चिठ्ठ्या भराभर गळून पडल्या. बॉयलरवाल्याचा अभ्यास वाफेनेच बुडवला! बायको बिचारी कामसू. दाजी यायच्या आत तिने सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून पुन्हा डकवून टाकल्या. सुलटी बाजू कुठली, उलटी कुठली, कुणाच्या खाली कोण, तिला काय ठाऊक!

दाजींनी पाठांतर सुरू केलं. "पाणी खाली गेल्यास कामगारांस नव्या टोप्या द्याव्यात." ते जरा अडखळले. हात सांगत होते आग बंद कर, चिठ्ठी सांगत होती टोप्या दे. पण छापलेलं खोटं कसं असेल? आपण आजवर चुकीचंच करत आलो, अशी मनाची समजूत घालून दाजींनी सगळं घोटून घोटून पाठ केलं.

परीक्षेत प्रश्न आले ते पुस्तकातलेच, धड्यांच्या शेवटचे. दाजींनी झरझर पेपर लिहिला आणि शीळ घालत घरी आले.

निकालाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी दाजींना खोलीत बोलावलं.

"दाजी, शिट्टी वाजू लागल्यास तिला हिरवा रंग द्यावा, हे काय लिहिलंय?"

"साहेब, छापलंय तसं!"

"आणि तुमच्या मेहुण्याचा पेपर बघा! काय उत्तरं आहेत! वाक्यावाक्यात अनुभव! फक्त एक कळलं नाही, प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'एवढंही येत नाही?' असं का लिहिलंय?"

दाजींना मात्र कळलं. तोंडात मारल्यासारखे ते घरी आले.

संध्याकाळी नवे फोरमनसाहेब बहिणीकडे आले, दाजींच्या पाया पडले आणि पुस्तक परत दिलं. भोकाभोकावर मागून कागद चिकटवून मेहुण्याने दाजींचीच उत्तरं सुवाच्य अक्षरात लिहिली होती.

"पुढच्या वर्षी आणखी एक जागा निघतेय, दाजी. हे वाचा, नक्की पास व्हाल."

दाजींचे डोळे भरून आले. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. "वा! काय लिहिलंय! सगळंच कामाचं! अगं ए, कात्री कुठे आहे?"

"नाही मिळायची!" बायको आतून ओरडली. "फोरमनसाहेबांनी जप्त केलीये!"