मोठ्या टीचा तलाव

लहानमोठा भेद पाळू नये, असं थोर माणसं सांगून गेली. त्यांनी संगणक हाताळला नव्हता.

सिंदेवाहीकडच्या एका गावात गोकुळाबाई मच्छीमार संस्थेची अध्यक्ष. गावतलावात मत्स्यबीज सोडायची परवानगी मिळाली, कार्यालयाच्या संकेतस्थळावर (जनतेच्या सोयीसाठी) चढवलीही गेली. माशांच्या पिल्लांच्या, हवा भरून फुगवलेल्या पिशव्या घेऊन गाडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन थांबली. ड्रायव्हर लटारू म्हणाला, "परवानगी दाखवा बाई, मंग उतरवतो."

बाईनं मोबाइलवर कार्यालयानं दिलेला संकेतस्थळाचा पत्ता दाबला. उत्तर आलं, असं काही अस्तित्वात नाही.

तिनं कार्यालयातल्या निकेशबाबूंना फोन लावला.

"काऊन बाई? इथी तर उघडून राह्यली!"

"मासोळ्या इथी हायत ना बाबू! पिशवीतली हवा सरून राह्यली."

चौकशीत कळलं की फाइलच्या इंग्रजी नावात ‘तलाव’चा टी मोठा (कॅपिटल) होता, पत्त्यात लहान. बाबूंच्या संगणकाला दोन्ही सारखेच (समतावादी). संकेतस्थळ शहरातल्या ज्या यंत्रात राहतं, ते मात्र लहान टीला ओळख देत नव्हतं. अक्षर बदलावं, तर तो मंजूर आदेशात फेरफार. बाबूंच्या साहेबांनी निकाल दिला की मराठीत लहानमोठी अक्षरं नसतात, सबब मराठीतली तक्रार निराधार आहे.

पिशव्यांत पिल्लं आडवी होऊ लागली. बाई फोनवर रडली, मग ओरडली. घाबरून बाबूंनी त्याच आदेशाची दुसरी प्रत लहान टीनं चढवली. लटारूनं ती पाहिली आणि दोघांनी धावतच पिशव्या उतरवल्या. बाई कंबरभर पाण्यात शिरली. आडवी पिल्लं सुलटी होऊन पोहेपर्यंत ती बाहेर आली नाही.

पुढे नोटीस आली. आदेश दोन चढलेले, म्हणून नोंदीनुसार गावात तलावही दोन: मोठ्या टीचा मोठा, लहान टीचा लहान. लहान तलावात बीज का सोडलं नाही? पथक आलं, पाळीवर जेवलं, पण लहान तलाव सापडला नाही. अहवाल झाला: लहान तलावावर मोठ्या तलावानं अतिक्रमण केलेलं आहे. संस्थेनं ते तातडीनं हटवावं.

"हटवतो साहेब," बाई म्हणाली, "पर कोनतं पानी कोनत्या तलावाचं, थे दाखवून द्या."

यावर समिती बसली आहे.

अहवाल संकेतस्थळावर आहे. तुमच्याकडे तो उघडला नाही, तर तलावच नाही असं समजू नका. आधी तुम्ही स्वतः अस्तित्वात आहात याची खात्री करून घ्या. तुमचंही नाव कुठल्यातरी कार्यालयात कुण्या बाबूनं टाइप केलेलंच आहे.