अर्धी माशी

जेवणाच्या टेबलावर बाबांची अर्धी माशी गेले पाच महिने तशीच होती आणि सगळं घर तिला वळसा घालून जेवत होतं.

माशी म्हणजे खरी नव्हे. नदीतल्या ठिपकेवाल्या माशांना गंडवण्यासाठी बारक्याशा गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून करतात ती. टेबलाच्या कडेला एक छोटा चिमटा आवळून बसवला होता. चिमट्याच्या तोंडात गळ, गळावर राखाडी अंग तयार, पण पंखाची जागा मोकळी. तिथून एक लाल दोरा निघून खाली रिळापर्यंत लोंबत होता. त्या शेवटच्या रात्री बाबांनी चष्मा काढला, उठताना मारायची ती गाठ मारली, "पंख उद्या," म्हणाले आणि झोपायला गेले. सकाळी उठलेच नाहीत.

भेटायला माणसं यायची थांबल्यावर सूनबाई फडकं घेऊन टेबलापाशी गेली, तशी आई आतून म्हणाली, "त्याला हात लावायचा नाही."

"आई, नुसती धूळ पुसते."

"धूळ राहू दे. पंख उद्या म्हणालेत ना? मग ते काम अजून संपलेलं नाही."

चिरंजीव त्या दिवसापासून टेबलाच्या कोपऱ्यावर ताट टेकवून, कोपर अंगाशी घेऊन जेवू लागले. सूनबाई तर बरेचदा उभ्यानेच जेवायची.

बाबा होते घड्याळजी. साऱ्या गावाची घड्याळं वेळेवर लावणारा हा माणूस स्वतः जेवायला कधी वेळेवर आला नाही. कारण पंख! अंग गुंडाळायला दहा मिनिटं, शेपटीला पाच, आणि पंख मनासारखा बसेपर्यंत भाजी दोनदा गरम व्हायची. आई म्हणायची, "माशाला काय कळतंय पंखातलं?" बाबा चष्म्यावरून बघायचे. "मासा आधी पंख बघतो. पंखाशिवाय मासा फसत नाही." हे भांडण लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सुरू झालं आणि अडतीस वर्षं चाललं. निकाल लागायची सोय नव्हती, कारण बाबा धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात सोडायचे. आईने नवऱ्याचा एकही मासा कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. "धरतात की नुसते बसून येतात, कुणास ठाऊक," असं ती शेजारणीला सांगायची, तेही बाबांना ऐकू जाईल अशा बेताने.

वर्ष सगळं माश्यांवर चालायचं. वसंतात लहान राखाडी माशी, तिला पिसं पोस्टाच्या छपरावरच्या पारव्यांची. ती बाबांचे मित्र पोस्टमनकाका आणायचे. उन्हाळ्यात लांब पायांचा नाकतोडा, त्याच्या मिशा न्हावीकाकांच्या दुकानातून, गिऱ्हाइकाला न विचारता. पानगळीत तपकिरी माशी, आणि तिच्यासाठी आईचा तपकिरी स्वेटर दर वर्षी बोटभर आखूड व्हायचा. आई ओरडायची आणि स्वेटर पुन्हा त्याच खुंटीला अडकवायची. हिवाळ्यात नदीवर बंदी, म्हणून टेबलावर चिमटा. वसंतातल्या पहिल्या रविवारी नदी उघडली की वर्षाची पहिली फेक बाबांची, आणि मागे हे दोन मित्र गप्प उभे. एरवी चुकूनही गप्प न बसणारी ही माणसं तेवढा वेळ गप्प राहायची.

या वर्षीही तो रविवार आला. दोघं काका दारात, अंगात ठेवणीतले जाड कोट. बूट पुसत राहिले, आत येईनात.

"वहिनी," न्हावीकाका म्हणाले, "आम्ही जावं की नाही?"

"जा की. नदीने काय केलंय?" आईने बाबांचा मासेमारीचा कोट खुंटीवरून काढला आणि मुलाच्या हातात दिला. "तूही जा. पहिली फेक तू टाक. डबीतल्या हव्या त्या माश्या घे. टेबलावरची मात्र नाही."

"आई, तिला मी कशाला हात लावू?"

हात त्यांनी लावला नाही हे खरंच. कोट दोन मापं मोठा, बाह्या लोकरीच्या आणि ढगळ. बसची वेळ झाली होती. चिरंजीवांनी उभ्या उभ्या चहाचा कप उचलला, घोटभर प्यायला, कप ठेवला आणि निघाले. पाच महिन्यांत येता-जाता सगळ्यांचे धक्के खाऊन चिमट्याची पकड ढिली झाली होती. ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

ते लक्षात आलं नदीवर. न्हावीकाकांनी सवयीने चिरंजीवांच्या कोटाची मागची बाजू झटकली आणि हात तसाच राहिला.

"अरे, तुझ्या कोपराला काय लागलंय हे?"

चिरंजीवांनी कोपर वळवून पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. राखाडी अंग, मोकळी पंखाची जागा आणि मागे वीतभर तुटका लाल दोरा.

त्यांनी घरी फोन लावला. सूनबाई कुजबुजत बोलत होती.

"चिमटा रिकामा आहे. मी आत्ताच बघितलं."

"आईला कळलं का?"

"नाही. त्या सकाळीच कुठेतरी बाहेर गेल्यात. मी चिमट्यावर पातेलं पालथं घातलंय."

"पातेलं? अगं, पातेलं बघून तर लगेच कळेल!"

"मग काय घालू? टोपलं? तुम्ही ती माशी नीट घेऊन या, बाकीचं मी बघते."

नीट घेऊन या! खिशात ठेवावी तर दबेल, डबीत ठेवावी तर इतरांत अडकेल. शेवटी न्हावीकाकांनी आपली लोकरी टोपी पुढे केली. "इथे टोच. ही टोपी म्हणजे तिजोरी आहे." गोष्ट खरी होती. बाबांच्या काळापासून वापरायच्या माश्या याच टोपीला टोचून ठेवायची पद्धत होती, आणि हवी ती तिथूनच उपटून घ्यायची. चूक झाली ती या पद्धतीमुळेच.

न्हावीकाका खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधत बसले. पोस्टमनकाका काठी तयार करत होते. जवळचा चष्मा ते घरी विसरले होते, पण कबूल करतील तर ते पोस्टमन कसले. "पस्तीस वर्षं लोकांची अक्षरं लावली मी. गाठ तर डोळे मिटून मारतो." समोर टोपी होती. हाताला आली ती माशी त्यांनी उपटली आणि दोरीच्या टोकाला बांधून काठी चिरंजीवांच्या हातात दिली.

"हं. बाबांच्या दगडावर उभा राहा."

तो ओट्यासारखा सपाट दगड. चिरंजीव त्यावर चढले आणि मागचे दोघं गप्प झाले. ती शांतता चिरंजीवांना सोसेना. बाबांचा कोट, बाबांची काठी, आणि आत आपण. पहिली फेक झुडपात गेली, दुसरी स्वतःच्या कानाजवळून. तिसरी कशीबशी पाण्यावर पडली, आणि पाणी फुटलं.

"लागला! काठी वर!"

"ओढ!"

"ओढू नकोस रे, तुटेल!"

"दोरी सोड! एवढी नको!"

जन्मात पहिल्यांदा चिरंजीवांच्या हाताला मासा ओढ देत होता. न्हावीकाकांनी आनंदाने टोपी डोक्यावर मागे सारली आणि सवयीने बोटांनी माश्या चाचपल्या. पुन्हा चाचपल्या.

"थांबा. कोपरावरची कुठंय?"

"मी कुठली बांधली?" पोस्टमनकाका म्हणाले. "राखाडी होती. मागे लाल शेपूट."

"शेपूट? अहो, तो तुटका दोरा होता!"

"मला वाटलं शेपूट आहे. छान वाटली म्हणून तर घेतली!"

तिघांची पाचावर धारण बसली. आता मासा नको होता, त्याच्या तोंडातली माशी हवी होती. पोस्टमनकाका कोटासकट कमरेपर्यंत पाण्यात शिरले. न्हावीकाका काठावरून माशाला "ये रे बाबा, ये, काही करत नाही," असं गिऱ्हाइकाच्या लहान लेकराला म्हणावं तसं म्हणत राहिले. मासा जवळ आला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात लाल दोरा स्पष्ट दिसला. पोस्टमनकाकांनी दोन्ही हात पुढे केले, आणि दोरीचं गेल्या वर्षीचं जुनं टोक तुटलं. बाबा दर वसंतात ते बदलायचे. या वर्षी ते कुणाला सुचलंच नव्हतं.

पाणी पुन्हा सपाट झालं. चिरंजीव दगडावर बसले.

"आईला काय सांगू? मासा घेऊन गेला म्हणू?" हे बोलताना त्यांचं त्यांनाच हसू फुटलं आणि त्या हसण्यातूनच रडू आलं. पाच महिने ते रडले नव्हते. दुकान उघडलं, घड्याळांचे सेल बदलले, कोपऱ्यावर बसून जेवले. आता मात्र बाबांच्या कोटाच्या बाहीला नाक पुसत लहान मुलासारखे रडले. दोघं काका दोन बाजूंना बसले. पोस्टमनकाकांच्या विजारीतून पाणी ठिबकत होतं.

उपाय सुचला तो बसथांब्यावर, आणि तो या तिघांनाच सुचू शकतो. डबीत बाबांनीच केलेल्या सात राखाडी माश्या होत्या. त्यातली एक न्हावीकाकांनी नखावर धरली, मिशीची कात्री काढली आणि तिचा पंख कापला. बाबांनी तासभर खपून पुरी केलेली माशी एका मिनिटात अर्धी झाली.

"आहे का फरक?" न्हावीकाकांनी विचारलं.

"काही नाही," जवळचा चष्मा नसलेले पोस्टमनकाका म्हणाले.

दार सूनबाईने उघडलं. "आई पडल्यात आत. लवकर करा." पातेलं उचललं गेलं, चिमटा आवळला, माशी बसली. चिरंजीव टेबलाखाली वाकले.

"रीळ कुठे गेलं? दोरा कशाला लावू?"

"रीळ माझ्याकडे आहे," आई म्हणाली.

ती आतल्या दारात उभी होती. हातात रीळ, त्यावर लाल दोरा नीट, एकसारखा गुंडाळलेला.

"सकाळी बघितलं तर रीळ टेबलाच्या पायाला अडकलेलं आणि दोरा दाराबाहेर गेलेला. जिन्यावरून खाली, कोपऱ्यावरच्या दुकानापुढून, थेट बसथांब्यापर्यंत. तिथे तुटला होता." तिने रिळावरून बोट फिरवलं. "क्षणभर वाटलं, ह्यांनाच घाई झाली. पहिला रविवार ना. वेडेपणा सगळा. गुंडाळत गुंडाळत परत आले."

कुणाला तिच्याकडे बघवेना. ती टेबलाशी आली, खाली वाकली आणि माशी पाहून म्हणाली, "ही कापलेली आहे."

"वहिनी—"

"भावजी, अडतीस वर्षं समोर बसून बघितलंय मी. अर्धी बांधलेली आणि अर्धी कापलेली यातला फरक मला कळत नाही होय? खरी कुठे आहे?"

चिरंजीवांनी सांगितलं. कोपर, टोपी, शेपूट, सगळं. "आई, चुकलं माझं. मासा घेऊन गेला ती."

"म्हणजे गेली," आई खुर्चीवर बसली. रीळ तिने मांडीवर ठेवलं. मग एकदम मान वर केली. "मासा लागला? खरा?"

"एवढा!" पोस्टमनकाकांनी हात पसरले. न्हावीकाकांनी ते दोन्ही बाजूंनी थोडे जवळ आणले. "एवढा, वहिनी. शपथ."

"अर्धीला?"

"अर्धीलाच."

"पंख नसताना?"

"पंख कुठून असणार?"

आईच्या ओठांचा कोपरा हलला. "बघा! मी काय सांगत होते? अडतीस वर्षं माझी भाजी गार केली त्या पंखापायी!" आणि ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पाच महिन्यांत त्या घरात कुणी इतकं हसलं नव्हतं. सूनबाईही हसली, काकाही हसले. हसता हसता आई आतल्या दाराकडे वळली, हात वर करून, तोंड उघडून, आता बाबांना हाक मारून सांगणार अशी. आणि तशीच थांबली.

"आता हे सांगू कुणाला?" ती म्हणाली.

आई हमसून रडली, मग पदराने तोंड पुसून उठली. तिने चिमट्याचा स्क्रू स्वतः सैल केला, चिमटा काढला आणि त्या जागी फडकं फिरवलं. टेबलाच्या लाकडावर त्याचा चौकोनी ठसा उमटला होता. त्यावर तिने ताट ठेवलं, आणि सूनबाईला हाताला धरून तिथे बसवलं.

सगळे जेवायला बसले. पहिला घास घेण्याआधी आई म्हणाली, "पुढच्या रविवारी मीही येणार आहे. ते कुठल्या दगडावर उभे राहायचे, तो दाखवा मला."

"दाखवतो की. पण वहिनी, तुम्ही मासे धरणार?"

"मी कशाला धरू? मला फक्त भांडण पुरं करायचंय."