चोवीस वड्यांचा डबा

डबा सहा महिने कोणी उघडायचा नाही, असं लिफ्टवाल्याने जाहीर केलं तेव्हा त्याची आई, बायको आणि मुलगी अशा तिघींनी निमूट मान डोलावली. या घरात कोणी निमूट मान डोलावत नाही. त्याला तिथेच संशय यायला हवा होता. पण माणूस खुशीत असला की त्याची अक्कल रजेवर जाते.

खुशीचं कारण मेहुणा. बायकोचा हा धाकटा भाऊ दरवर्षी सात-आठ जणांना घेऊन डोंगरात तंबू ठोकायचा आणि भाऊजींना वाटाण्याच्या अक्षता लावायचा. यंदा मात्र जेवण सांभाळणाराच गळला होता. लिफ्टवाला म्हणाला, मी घरी करतो, सहा महिने टिकेल असं. मेहुण्याने अट घातली: डबा सहा महिन्यांनी माझ्यासमोर उघडायचा. माल खराब निघाला तर दुकानातली पाकिटं नेऊ आणि तुमची जागा दुसऱ्याला.

पाकिटांचं नाव काढलं की लिफ्टवाल्याचं डोकं फिरायचं. "ज्याला मुंगी शिवत नाही ते दोन वर्षं टिकणारच. त्यात कसलं कौतुक?" असं तो म्हणायचा. वीस वर्षं तो बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढत आला होता. तीन तास अडकलेला बडा साहेबसुद्धा बाहेर पडल्यावर आधी खायला मागतो. आभार नंतर मानतो, बहुतेक वेळा तेही विसरतो. अडचणीत माणसाला काय लागतं हे पाकिटवाल्यांना काय कळणार?

त्याने ओट्सचं पीठ मंद आचेवर तासभर भाजलं, खजूर कोरडा होईपर्यंत परतला, दाणे कुटले, पाण्याचा थेंब कुठे लागू दिला नाही. चोवीस वड्या तेलकट कागदात गुंडाळून निळ्या दोऱ्याने बांधल्या. गाठ त्याच्या धंद्यातली, वायरची जुडी बांधायची. घरात दुसऱ्या कोणाला ती येत नव्हती. डब्यावर तारीख टाकली आणि डबा कपाटावर चढवला.

पाचव्या आठवड्यात एका दवाखान्याच्या लिफ्टने त्याला दिवसभर उपाशी ठेवलं. घरी आला तर घर रिकामं, चूल थंड. त्याने स्टूल ओढलं. खराब तर होत नाहीत ना, एवढंच बघायचं, असं स्वतःला सांगत त्याने दोन वड्या बघितल्या. बघता बघता दोन्ही संपल्या. रविवारी सगळ्या बाहेर गेल्यावर त्याने गुपचूप तीन नव्या करून ठेवल्या, एक जास्त, मनाच्या शांतीसाठी. निळा दोरा सापडेना, म्हणून बायकोच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा घेतला.

मग घरात चमत्कारिक गोष्टी घडायला लागल्या. ओट्सचं पीठ महिन्यात दोनदा संपलं. आई दुपारची झोप सोडून दाणे कुटायला बसायला लागली. चहा करायला सांगितला तर तोंड वाकडं करणारी मुलगी अचानक म्हणाली, मला स्वयंपाक शिकायचाय. बायको एकदा कपाटाकडे आणि एकदा त्याच्याकडे बघायची. आपली चोरी सगळ्यांना कळली आहे आणि आता या आपल्याला छळतायत, असं लिफ्टवाल्याचं पक्कं मत झालं. म्हणून तो चकार शब्द बोलला नाही. मेहुणा मात्र दर महिन्याला यायचा, डबा जागेवर आहे का बघून जायचा. त्याच्या शिस्तीचं लिफ्टवाल्याला कौतुक वाटायचं.

ठरलेल्या दिवशी डबा टेबलावर आला. मेहुण्याने एकेक पुडी मोजून बाहेर काढली आणि मग परत मोजली.

"भाऊजी, किती ठेवल्या होत्या?"

"चोवीस."

"एकतीस आहेत. टिकतात म्हणाला होतात. वाढतात हे बोलला नव्हतात."

पहिली बोलली आई. "मी सातच खाल्ल्या. नऊ ठेवल्या की परत." मुलीने आपण खाल्लेल्या परीक्षेवर ढकलल्या. बायको म्हणाली, "अहो, मीही खाल्ल्या आणि भरल्या. मला वाटलं तुम्हाला कळलंय आणि तुम्ही मोठ्या मनाने गप्प बसलाय." लिफ्टवाल्याला आता मोठं मन दाखवायची सोय उरली नव्हती. त्यानेही कबुली दिली.

डोंगर हातचा गेला. मग त्याची नजर ढिगाच्या तळाशी गेली. सगळ्यांत एकाच पुडीला निळा दोरा होता आणि वर त्याचीच गाठ.

"ही अस्सल आहे," तो म्हणाला. "सहा महिन्यांची. हिच्यावर ठरव."

त्याने गाठ सोडली, कागद उलगडला. आत दुकानाच्या पाकिटातली वडी होती, कंपनीचा शिक्का उमटलेली.

आईला गाठ येत नव्हती, बायकोला येत नव्हती, मुलीला बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती. दोर बांधून कडे चढणारा टेबलाभोवती एकच जण होता. चौघांनी त्याच्याकडे बघितलं.

"अगं ताई, एकच खाल्ली," मेहुणा खाली बघत म्हणाला. "पहिल्याच महिन्यात."

तोवर सगळ्यांनी एकेक पुडी सोडून खायला सुरुवात केली होती. शिक्क्याची वडी तेवढी टेबलावर तशीच पडून राहिली.

"शनिवारी सकाळी सहाला निघायचं, भाऊजी," मेहुणा तोंड भरलेलं असताना म्हणाला. "जेवण तुमच्याकडे. फक्त शुक्रवारी करा." मग जरा थांबून म्हणाला, "डबा तोवर माझ्याकडे द्या. मी सांभाळतो."

आईने उरलेल्या पुड्या डब्यात भरल्या आणि डबा मांडीवर घेऊन बसली.