तीन मडक्यांची गाळणी

रविवार, दिनांक १२ मे १९५७ रोजी सकाळी ठीक सात वाजता माझ्या अंगणात तीन मडकी एकावर एक उभी राहिली, आणि आमच्या टोल्यातील, म्हणजे या लहानशा वस्तीतील, हगवणीचा प्रश्न कायमचा निकालात निघाल्याचे मी पत्नीस, रुखमाबाईंस, जाहीर केले.

प्रश्न किरकोळ नव्हता. गेल्या पावसाळ्यात नाल्याचे गढूळ पाणी पिऊन निम्मा टोला आडवा झाला होता. आमच्या रुखमाबाईंना तर बैलगाडीत घालून अहेरीच्या दवाखान्यात न्यावे लागले. पाऊस आता महिन्यावर आला होता. त्याआधी घरोघरी गाळणी बसली नाही, तर पुन्हा तीच बैलगाडी जुंपावी लागणार होती.

मी नागपूरला तंत्रविद्यालयात शिकलेला, निवृत्त ओव्हरसिअर. योजना निर्दोष होती. चुलीवर पाणी उकळून वरच्या मडक्यात ओतायचे; मधल्या मडक्यातील वाळू व कोळशातून झिरपत ते तळच्या मडक्यात थेंब थेंब उतरायचे. धूळ आणि डास आत शिरू नयेत म्हणून सांधे मी ओल्या मातीने लिंपून घेतले. नमुना डोळ्यांसमोर ठेवला की लोक आपण होऊन अनुकरण करतात, उपदेशाची गरज पडत नाही, असा माझा सिद्धांत होता.

सिद्धांत तासाभरातच खरा ठरला. लोक आले. येताना पळसाच्या पानांचे द्रोण घेऊन आले.

टोल्याचा मुखिया मंगरू सर्वांत पुढे होता. लिंपलेले सांधे आणि धुमसती चूल पाहून त्याचा चेहरा फुलला.

"भाऊ, सात वर्सं झाले तुमाले इथी येऊन. आज खरे आमच्यातले झाले तुमी."

मला गहिवरून आले. विज्ञानाचे इतके प्रेमळ स्वागत मी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते.

मंडळी ओळीने बसली. मालगुजाराचे जुने कारकून गुणवंतराव, जे एरवी कोणाच्या अंगणात पाऊल टाकत नसत, तेही पितळी लोटा घेऊन कोपऱ्यात टेकले. मंगरूने पहिले थेंब देवाच्या नावाने जमिनीवर सांडले. मग सर्वांनी द्रोण तोंडाला लावले.

मंडळींनी द्रोण हुंगून पाहिले. शेवटी म्हाताऱ्या बुधरीने घसा खाकरला.

"भाऊ, फुलं किती टाकले होते?"

"फुले नव्हेत, बाई. कोळसा."

"कोळसा?"

"आणि थोडी वाळू."

बुधरीने रुखमाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "पह्यल्या खेपेले होते असं. मन खट्टू नोका करू."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोहाची दारू गाळायला येथे मडकी अशीच रचतात, सांधे असेच लिंपतात, आणि ज्याच्या अंगणात नवी मडकी लागतात त्याने शेजाऱ्यांना पहिला घोट द्यायचा, ही येथील रीत आहे.

"गुणवंतराव, आपणसुद्धा?" मी विचारले.

"मी तं निस्तं पाहाले आलो होतो," ते म्हणाले आणि लोटा धोतराच्या सोग्यात गेला.

मी ताबडतोब जंतूंवर अर्धा तास बोललो. सुतक असलेल्या घरी ऐकावे तसे त्यांनी ते मान खाली घालून ऐकले. "भाऊले लाज वाटून राह्यली," जाताना मंगरू हळूच म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळणीशेजारी वाळल्या मोहफुलांची भरलेली टोपली होती. शेजारधर्म.

त्याच दुपारी आबकारीचा जमादार लच्छू फेरीवर आला.

"हे काय होय?"

"जलशुद्धीकरण."

"अन् हे मोह?"

"शेजाऱ्यांनी कीव येऊन दिले."

"सारेच काहीबाही सांगतेत, ओव्हरसिअर साहेब. पन कीव येऊन, हे पह्यल्यांदाच आयकलं."

सात वर्षांची माझी अब्रू त्या टोपलीत पडली होती. जमादाराने सांधे फोडले, तळच्या मडक्यातून घोट घेतला, खात्री पटेना म्हणून दुसरा घेतला.

"पानीच हाय," तो खिन्नपणे म्हणाला.

मग मी त्यास सोडले नाही. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांपासून आतड्यांच्या रचनेपर्यंत सर्व समजावले. कुंपणापाशी सगळा टोला उभा होता. ऊन डोक्यावरून कलले तेव्हा जमादाराने हात जोडले.

"समजलं, बाप्पा. आजपासून कोनाच्याबी अंगनात तीन मडके अन् कोळसा दिसला, तं मी वळूनबी पाहनार नाई. पन हे भाषन पुन्हा नोका देऊ."

त्याचा परिणाम विलक्षण झाला. आठवड्याभरात अहेरीच्या कुंभाराकडील मडकी संपली. ज्या लोकांना माझे अर्ध्या तासाचे व्याख्यान पटले नव्हते, ते आता गाळणी पाहण्यासाठी रांग लावू लागले. गुणवंतरावांनी दोन बसवल्या.

"पाहिलेस?" मी रुखमाबाईंना म्हणालो. "विज्ञान पोहोचायला वेळ लागतो, पण पोहोचते."

"पोचलं खरं," त्या म्हणाल्या. "कुठी पोचलं ते पाहून या जरा."

पाहणीची गरज उरली नाही. मंगरू स्वतःच सल्ला विचारायला आला.

"भाऊ, सांधे लिंपाचं आमाले शिकवू नोका, ते येते. कोळशाचं तेवढं सांगा. किती ठेवला मंजे जमादाराले रस्त्यावरून दिसन?"

पावसाळ्यापूर्वी टोल्यात बसलेल्या एकूण गाळण्या : सतरा. पैकी पाण्याची : एक.